फळ्यापुढे कोण उभे राहते?

जून १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन उघडले, तेव्हाच एक गोष्ट ठरून गेली होती. इथे येणाऱ्याला इंग्रजी येत नसेल, तर तेवढ्यावरून त्याला परत पाठवायचे नाही. विषय होते रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला, घरबांधणी. त्या काळी असले काही पुस्तकातून शिकायचे म्हणजे इंग्रजीतूनच शिकायचे, असे सगळे धरून चालत. कलाभवनात ते देशी भाषेत शिकवायचे ठरले. यामागे डोके होते त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचे. सुरतेच्या सुतार घराण्यातला, १८६३ चा जन्म, बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक. त्याच वर्षी जन्मलेले महाराज सयाजीराव गायकवाड त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

गज्जरांना घाई होती आणि तिला कारण होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये मंजिष्ठेतला लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला. पुढच्या वीस वर्षांत तो डबाबंद रंग गुजरातच्या बाजारात उतरला आणि आल, मंजिष्ठ या वनस्पतींच्या लाल रंगावर पिढ्यानपिढ्या पोट भरणारे रंगारी हवालदिल झाले. ज्याचे हात रंगाच्या हौदात कोपरापर्यंत बुडलेले होते त्याला इंग्रजी येत नव्हते, आणि ज्याला इंग्रजी येत होते त्याने तो हौद लांबूनच पाहिलेला होता. ही दोन माणसे एकमेकांशी बोलू लागल्याशिवाय धंदा वाचणार नाही, हे गज्जरांनी ओळखले.

आता रंगाऱ्याला काय ठाऊक होते ते पाहा. कापड आधी हरड्याच्या पाण्यातून काढायचे, मग तुरटीच्या पाण्यातून, आणि त्यानंतरच आलीच्या हौदात घालायचे. तुरटीची पायरी चुकवली तर लाल रंग पहिल्या धुण्यात निघून जातो. तुरटी कमी-जास्त झाली की छटा बदलते. हे त्याला आजोबांकडून मिळालेले. रसायनशास्त्राचे पुस्तक तेच दुसऱ्या बाजूने सांगते: तुरटीतल्या ॲल्युमिनियमचे कण एका हाताने सुताचा धागा धरतात, दुसऱ्या हाताने रंगद्रव्य, म्हणून रंग सुटत नाही. असा विद्यार्थी समोर असेल तर शिक्षकाने सुरुवात कुठून करायची? अणू-रेणूंपासून केली तर तो पोरगा पहिल्याच आठवड्यात गळतो. तुरटीपासून केली तर तोच पोरगा शिक्षकाला दोन गोष्टी सांगतो आणि तिसरी ऐकून घ्यायला तयार होतो.

म्हणून गज्जरांनी वर्ग उघडून विषय सोडला नाही. ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ या मालेत तांत्रिक पुस्तके देशी भाषेत आणायला सुरुवात केली, रंगविद्येवर ‘रंगरहस्य’ नावाचे गुजराती नियतकालिक काढले, शास्त्रीय परिभाषेच्या कोशाचे काम हाती घेतले. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत धुंडिराज गोविंद फाळके नावाचा एक मराठी तरुणही होता. छायाचित्रणाचा त्याचा नाद पाहून गज्जरांनी त्याला ठसे करण्याची आणि छपाईची कला शिकायला रतलामला धाडले. दादासाहेब फाळके पुढे कुठे पोचले ते सांगायला नको. एवढेच सांगतो, की ‘राजा हरिश्चंद्र’साठी कॅमेरा त्यांनी विलायतेहून आणला, पण गोष्ट आणली ती पुराणातली, कीर्तनकाराच्या तोंडून गावोगाव ऐकलेली. १९१३ च्या प्रेक्षकाला पडद्यावरची हलती चित्रे नवी होती. हरिश्चंद्र नवा नव्हता, आणि म्हणूनच मूकपटातही त्याला सगळे कळत होते.

 

ओळखीच्या गोष्टीपासून शिकवावे, हे पंतोजीही सांगत. पण ओळखीच्या जागी माणसाचे डोके खरोखर वेगळे चालते, याचा बोलका पुरावा ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातून आला. तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि ॲनालुसिया श्लीमान यांचा हा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी फुटपाथवर नारळ-फळे विकणारी ९ ते १५ वर्षांची पाच मुले निवडली. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. एक नारळ ३५ क्रुझेरोंना, मग दहा कितीला? बारा वर्षांचा पोरगा म्हणाला, तीन एकशे पाचला, आणखी तीन घेतले की दोनशे दहा, आणखी तीन म्हणजे तीनशे पंधरा, त्यात एक... साडेतीनशे. चार नारळांचे एकशे चाळीसही त्याने असेच तोंडी सांगितले. मग त्याच मुलाला कागदावर ३५ गुणिले ४ घातले. त्याने शाळेत शिकवलेला हातचा घेतला, तो चुकीच्या जागी मिळवला आणि लिहिले २००. बाजारात या मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत फक्त ३७ टक्के. तेच हिशेब शाब्दिक उदाहरणे करून दिले तेव्हा ७४.

पाच मुलांवरून जगाचे नियम मांडू नयेत, मान्य. पण हे निष्कर्ष आपल्याला परके वाटत नाहीत, कारण भाजीच्या गाडीवर बसणारी आणि गणितात नापास होणारी मुले आपल्या गल्लीतही आहेत. त्या पोराला गणित येत नव्हते असे म्हणता येणार नाही. शाळेने त्याला येणारे गणित कधी विचारलेच नाही, आणि वर त्याला एक उसना हातचा देऊन गोंधळात पाडले.

कलाभवनाच्या चार वर्षे आधी, १८८६ मध्ये, बडोद्यात गायनशाळा निघाली. तिचे प्रमुख मौलाबक्ष. उत्तरेतले घराणेदार गवई, म्हैसूरच्या दरबारी राहून कर्नाटक संगीतही आत्मसात केलेले. तोवर गाणे शिकायचे म्हणजे उस्तादाच्या घरी राबायचे, पाणी भरायचे, आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा दोन ताना पदरात पाडून घ्यायच्या. मौलाबक्षांनी स्वरलिपी बसवली, क्रमिक पुस्तके लिहिली आणि सामान्य घरातल्या मुलांना वर्गात बसवून गाणे शिकवले. पुढे ज्यांनी सूफी संगीत आणि विचार युरोप-अमेरिकेत नेला ते इनायत खाँ याच मौलाबक्षांचे नातू आणि याच शहरात जन्मलेले.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण गायनशाळेचा व्यवहार कलाभवनाइतका सरळ नाही. स्वरलिपीमुळे गाणे दिवाणखान्यातून वर्गात आले, हा फायदा मोठाच. पण मींडेची वळणे, स्वराचा लगाव, कधी गप्प बसायचे याचे भान, हे कागदावर उतरत नाही. ते उस्तादाच्या समोर बसूनच येते. बडोद्याने यावर काढलेला उपाय शहाणपणाचा होता: पुस्तक छापले आणि उस्तादालाही पगारावर ठेवले. दरबारात फैयाज खाँसारखा गवई आणि शहरात गायनशाळा, दोन्ही एकाच वेळी नांदले. आपल्याकडच्या बऱ्याच योजना यातले पहिले काम करून थांबतात. लोकगीते गोळा होतात, छापली जातात, परीक्षेला येतात. ती गाणारी बाई मात्र शाळेच्या फाटकाबाहेरच राहते.

छापील पुस्तकाआधीही बडोद्यात शिकणे चालूच होते. सतराव्या शतकातला प्रेमानंद हा गुजराती आख्यानकवी बडोद्याचा. त्याची आख्याने माणभट्ट सांगत. माण म्हणजे निमुळत्या तोंडाचा, मोठ्या पोटाचा तांब्याचा घडा. भट्ट तो मांडीशी घेऊन बसतो, बोटांत अंगठ्या घालतो आणि त्या अंगठ्यांनी घड्यावर ताल धरत गातो. कथा रंगात आली की बोटे घड्याच्या खांद्यावर टणटणतात, करुण प्रसंग आला की तळव्याने घुमारा उठतो. एक माणूस, एक घडा, आणि समोर रात्रभर बसलेला गाव. गायकवाडांबरोबर आलेल्या मराठी मंडळींनी या शहरात नारदीय कीर्तन आणले: पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. दोन्ही परंपरांत बोलणाऱ्याला एक हिशेब नीट कळत होता. समोरच्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीला नव्या विचाराची गाठ मारली की अक्षरशत्रू माणूसही अवघड तत्त्वज्ञान घरी घेऊन जातो.

आखाड्यांची कथाही अशीच. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रोफेसर माणिकराव यांनी दंड, जोर, लाठी, मल्लखांब हे सारे उस्तादाच्या तोंडून ऐकायच्या अवस्थेतून सामुदायिक शिक्षणाच्या शिस्तीत आणले. आणि दत्तात्रय चिंतामण मजुमदारांनी ‘व्यायामज्ञानकोश’ रचला, तो मराठीत, दहा खंडांचा, बडोद्यातून. शारीरिक शिक्षण म्हणजे विलायती कवायत एवढीच समजूत असण्याच्या काळात पेच, पकडी आणि उड्यांची ही सगळी माहिती आखाड्यातल्या माणसांकडून गोळा झाली.

मात्र स्थानिक संस्कृतीचे गोडवे गाताना एका ठिकाणी जीभ आवरावी लागते. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो कायद्याने संपूर्ण संस्थानाला लागू केला. अस्पृश्य मानलेल्यांसाठी शाळा त्याच्याही आधी काढल्या होत्या. पण त्या शाळांत शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. काही ठिकाणी मुसलमान शिक्षक नेमावे लागले, आणि पुढे १९०८ मध्ये पंजाबातून आर्यसमाजी पंडित आत्माराम यांना बोलावून हे काम त्यांच्याकडे सोपवावे लागले. सवर्ण शिक्षकांचा तो नकारही बडोद्याची स्थानिक संस्कृतीच होती. याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेले बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी इथे आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. शाळेने गावाला आत घ्यायचे, ते डोळे उघडे ठेवून. रंगाऱ्याची तुरटी आत यावी, विटाळ बाहेर राहावा, ही निवड शिक्षकाला आणि सरकारला करावीच लागते. ‘आपली संस्कृती’ म्हणून सरसकट सगळे आत घेणारे आणि ‘मागासलेले’ म्हणून सरसकट सगळे बाहेर ठेवणारे, दोघेही ही मेहनत टाळत असतात.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले. कलाभवन त्याची तंत्रज्ञान विद्याशाखा बनले, गायनशाळा संगीताची. १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा सुरू झाली. तिथे ना. श्री. बेंद्रे होते, शंखो चौधरी होते, आणि १९५१ मध्ये शांतिनिकेतनात शिकलेले के. जी. सुब्रमण्यन आले. सुब्रमण्यन मध्यंतरी हातमाग मंडळात काम करून आले होते आणि विणकर, कुंभार, खेळणी करणारे यांच्याकडे ते दयेने पाहत नसत. हे लोक एका जिवंत भाषेचे बोलणारे आहेत, असे त्यांचे म्हणणे. १९६१ पासून या विद्याशाखेत फाइन आर्ट्स फेअर भरू लागली. विद्यार्थी आणि शिक्षक खेळणी, बाहुल्या, भांडी, छापील कापड स्वतः करून विकत. पारंपरिक कारागीर विद्याशाखेत येऊन काम करून दाखवत, आणि भित्तिचित्रांसाठी राजस्थानातल्या ओल्या गिलाव्याच्या पद्धती तिथल्या कारागिराकडून शिकल्या गेल्या. पदवी नसलेला माणूस पदवीच्या वर्गात शिकवतो आहे, हे दृश्य आजच्या नियमावलीत बसवणे अवघड आहे. याच शाखेतले ज्योती भट्ट साठच्या दशकाच्या अखेरीपासून कॅमेरा घेऊन खेडी पालथी घालू लागले आणि भिंतींवरची, उंबऱ्यांवरची, अंगावर गोंदलेली चित्रे त्यांनी टिपून ठेवली.

बडोद्याच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर छोटा उदेपूर आहे. २०१३ पर्यंत हा भाग बडोदा जिल्ह्यातच होता. इथले राठवा आदिवासी नवस फेडायला घराच्या भिंतीवर पिठोरा घालतात. ओसरी आणि आतले घर यांमधली भिंत कुमारिका शेणामातीने सारवतात, तिच्यावर पांढऱ्या मातीचा हात फिरतो. चित्र काढणारे लखारा येतात. रंगात दूध आणि मोहाची दारू कालवलेली असते. पिठोरा देवाच्या लग्नाची वरात म्हणून घोडे येतात, आणि त्यांच्याभोवती शेत, विहीर, ताडावर चढणारा माणूस, वाघ, बाजार. आजकाल आगगाडी आणि विमानही येते. बाहेर ढोल वाजत असतो. शेवटी बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, भिंतीपुढे उभा राहून एकेक आकृती तपासतो. एखादी राहिली असेल तर ती काढायला लावतो, आणि सारे जागेवर आहे असे त्याने सांगितल्यावरच विधी पुरा होतो.

आता या घरातले सहा वर्षांचे मूल शाळेत जाते. भिंतीवरची पन्नास चित्रे त्याला क्रमाने सांगता येतात. शाळेत त्याला गुजराती पाठ्यपुस्तक मिळते, ज्यातले घर त्याचे नाही आणि घरात बोलली जाणारी भाषाही त्याची नाही, कारण ते राठवी बोलते. मास्तर शेरा मारतात: मूल बोलत नाही.

भोर गावी जन्मलेले आणि बडोद्याच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे गणेश देवी यांनी १९९६ मध्ये ‘भाषा’ ही संस्था काढली आणि प्राध्यापकी सोडली. त्यातून याच भागातल्या तेजगढला आदिवासी अकादमी उभी राहिली. तिथल्या वसंतशाळेत शाळेबाहेर राहिलेल्या मुलांना आधी त्यांच्याच भाषेत बोलते केले जाते, मग हळूहळू गुजरातीकडे आणले जाते. शिकवणारे बरेचसे त्याच समाजातले. देवींनी पुढे २०१० मध्ये सुरू केलेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात ७८० भाषांची नोंद झाली. शाळेच्या माध्यमभाषा मात्र त्यांतल्या मूठभरच आहेत.

मराठी वाचकाला ही वाट नवी वाटू नये. ताराबाई मोडक गुजरातेतच, भावनगरला, गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या. बोर्डीला १९४५ मध्ये त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, आणि पुढे अनुताई वाघांसह त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. माँटेसोरीची महागडी साधने गोरगरिबांच्या पोरांना परवडेनात, तेव्हा त्यांनी शिंपले, बिया, खडे, मातीचे मणी यांची साधने केली. वारली मुले गुरे राखायला रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच रानात नेली. तिचे नाव कुरणशाळा. ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी सदा असते, त्यांनी या एका शब्दाशी थोडा वेळ बसावे.

बडोद्यात आज काय आहे? देशी भाषेत यंत्रविद्या शिकवणारे कलाभवन ज्या विद्यापीठात विलीन झाले, ते गुजरातेतले इंग्रजी माध्यमाचे विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. एकेकाळी संस्थानाने गुजराती शाळांच्या शेजारी चालवलेल्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडत गेले, आणि ते ओस पाडणारे आपणच, बडोद्याचे मराठी पालक. पोटाचा प्रश्न असतो, मी कुणाला दोष देत नाही. गज्जरांच्या काळीही नोकरी इंग्रजी पदवीलाच होती. पण इंग्रजी माध्यमाच्या शाळेलाही रंगारी, कुंभार, माणभट्ट वर्गात बोलवायला कुणी मनाई केलेली नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषा, आणि सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे, अशी तरतूद आहे. कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात हे दहा दिवस सहलीसारखे उरकले जाण्याची भीती मोठी: रांगेने जायचे, चाकावर एकेकाने हात लावायचा, फोटो काढायचा, परत यायचे. कुंभाराला त्या दिवसाचे पैसे मिळाले का, आणि पुढच्या आठवड्यात विज्ञानाच्या बाईंनी मातीची सच्छिद्रता त्याच मडक्यावरून शिकवली का, यावर सारे अवलंबून आहे. बडोद्यात जे टिकले ते अशा ठिकाणी टिकले, जिथे जाणत्या माणसाला शिक्षकाचा मान आणि मोबदला दोन्ही मिळाले. जिथे नुसती त्याची गाणी आणि नक्षी उचलली गेली, तिथे स्नेहसंमेलनापलीकडे काही उरले नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या मुलाच्या शाळेची पुढची पालकसभा असेल तेव्हा एवढेच विचारा: गेल्या वर्षभरात गावातल्या कोणत्या कारागिराला, शेतकऱ्याला किंवा गवयाला तुम्ही मानधन देऊन वर्गावर बोलावले, आणि कोणत्या विषयाला जोडून? उत्तर मिळाले नाही तर वाद घालू नका. तुमच्या ओळखीच्या अशा एका माणसाचे नाव चिठ्ठीवर लिहून मुख्याध्यापकांच्या हाती द्या.